वाळक्या काड्यांचा इतिहास

मार्च संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या परसात मी कात्री घेऊन उतरते. बर्फ नुकताच वितळलेला असतो. एकिनेशियाची काळी बोंडं आणि गवताच्या पिवळ्या पेंढ्या हिवाळाभर उभ्याच असतात.

पहिल्या वर्षी मात्र हे सगळं मी ऑक्टोबरातच साफ केलं होतं. आमचं गाव कोकणातलं. पेरणीआधी भाजावळ करून जमीन मोकळी करायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. एप्रिलमध्ये त्या मोकळ्या वाफ्यात नवं रोप लावायला फावडं घातलं, तर खालचं जिवंत मूळ दुभंगलं. बटरफ्लाय वीड उशिरा फुटतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याची जागा सांगणारी काडी मीच कापून टाकली होती.

वाळलेलं म्हणजे कचरा, ही नजर बदलायला बागकामाच्या जगालाही बराच काळ लागला. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या बागांत काचघरात वाढवलेली हंगामी रोपं हजारोंनी, नक्षीत लावली जात आणि हंगाम सरला की उपटून टाकली जात. विल्यम रॉबिन्सनने १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून या उधळपट्टीवर हल्ला चढवला. थंडी सोसून दरवर्षी आपली आपण उगवणारी झाडं लावा, हा त्याचा आग्रह. गर्ट्रूड जेकिलने मन्स्टेड वुडमध्ये अशाच बहुवर्षायू झाडांचे रंगसंगती साधणारे लांब वाफे उभे केले. पण त्यांच्यामागे पगारी माळ्यांचे हात होते.

ज्यांना माळी परवडत नाही, त्यांचं काय? पॉट्सडॅमजवळच्या बोर्निममध्ये कार्ल फर्स्टर (१८७४–१९७०) कमी निगराणीत टिकतील अशी झाडं आणि गवतं निवडत राहिला. त्याने वर्षाचे चार नव्हे, सात ऋतू मोजले. हिवाळाही त्याच्या लेखी बागेचाच ऋतू होता. त्याच्या नावाचं उंच, ताठ गवत आज अमेरिकेत जागोजागी दिसतं.

पुढे डच बागरचनाकार पीट औडोल्फने वाळक्या काड्यांनाच सौंदर्य मानलं. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर १९८० साली शेवटची मालगाडी धावली. मग रुळांवर रानगवत आपोआप उगवलं. २००९ साली तिथे उद्यान खुलं झालं, त्यातली झाडांची योजना औडोल्फची. तिथेही छाटणी वसंताच्या तोंडावरच होते आणि तिला स्वयंसेवक जमतात.

मीही आता मार्चपर्यंत थांबते. पक्षी बोंडांतलं बी टिपून जातात. छाटताना वीतभर खुंट राखते, कारण पोकळ काड्यांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. त्या खुंटांवरून कुठे काय झोपलंय, हेही कळतं. फावडं घालण्याआधी मी ते वाचते.

त्या दुभंगलेल्या मुळाला पुन्हा पालवी आली नाही. त्याच्या जागी दुसरं काही लावायचं मला अजून सुचलेलं नाही.