शेतातील नोंदींसाठी जीपीएस मॉड्यूल : निवड आणि वापर

अर्डुइनो किंवा ईएसपी-३२ बोर्डला जीपीएस मॉड्यूल जोडून शेताचे क्षेत्र मोजणारे, तसेच बोअर, व्हॉल्व्ह किंवा माती नमुन्याची जागा नोंदवणारे यंत्र घरी तयार करता येते. मात्र साध्या मॉड्यूलने दाखवलेली जागा मोकळ्या आकाशाखालीही २ ते ३ मीटरने चुकू शकते. ही मर्यादा ओळखूनच त्याचा वापर ठरवावा.

क्षेत्रात किती फरक पडतो?

चौरस शेताची प्रत्येक बाजू ३ मीटरने जास्त मोजली गेल्यास क्षेत्र पुढीलप्रमाणे वाढते.
- १ हेक्टर : सुमारे ६ गुंठे (६ टक्के)
- १ एकर : जवळपास ४ गुंठे (सुमारे १० टक्के)
- १० गुंठे : सुमारे २ गुंठे (२० टक्के)

खत व तणनाशकाची मात्रा एकरी ठरते. क्षेत्र २० टक्के जास्त धरले, तर तणनाशकही तेवढेच जास्त पडून पिकाला इजा होऊ शकते. त्यामुळे लहान तुकडे टेपनेच मोजावेत.

मॉड्यूलची निवड

- निओ-६एम : फक्त अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत घेते. बोअर, व्हॉल्व्ह, माती नमुना अशा नोंदींसाठी पुरेसे.
- निओ-एम८एन : जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू यांचेही संकेत घेऊ शकते. बागेत किंवा झाडांच्या कडेला अधिक उपयुक्त.
- झेड-एफ९पी : आरटीके तंत्राने सेंटिमीटरपर्यंत अचूकता देते. त्यासाठी जवळच्या बेस स्टेशनकडून सतत सुधारणा मिळाव्या लागतात. खर्चही बराच जास्त येतो.

निओ मालिकेतील वरील दोन्ही मॉड्यूल भारताच्या नाविक उपग्रहांचे संकेत घेत नाहीत. नाविक हवे असल्यास माहितीपत्रकात तसा उल्लेख आहे का ते पाहावे.

जोडणी

- मॉड्यूलचा टीएक्स बोर्डच्या आरएक्सला जोडावा. ग्राउंड दोघांचा एकच ठेवावा.
- मॉड्यूलचे संकेत ३.३ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टच्या अर्डुइनोचा टीएक्स मॉड्यूलला थेट जोडू नये. फक्त जागा वाचायची असल्यास ही तार जोडण्याची गरज नसते.
- निओ मालिकेचा सुरुवातीचा वेग ९६०० बॉड असतो.
- चौकोनी सिरॅमिक अँटेनाचा सपाट भाग आकाशाकडे ठेवावा. यंत्र पत्र्याच्या डब्यात बसवू नये.

शेतात मोजताना

१. यंत्र सुरू करून मोकळ्या जागेत थांबावे. पहिल्यांदा जागा मिळायला अर्धा मिनिट ते काही मिनिटे लागतात.
२. किमान ७-८ उपग्रह आणि एचडीओपी २ पेक्षा कमी दिसल्यावरच नोंद सुरू करावी.
३. प्रत्येक कोपऱ्यावर एक-दोन मिनिटे थांबून नोंदींची सरासरी घ्यावी.
४. सर्व कोपरे एकाच फेरीत घ्यावेत. थोड्या वेळात चूक साधारण एकाच दिशेला राहते, त्यामुळे क्षेत्रात कमी फरक येतो.
५. मोठी झाडे, विहिरीचे कठडे आणि पत्र्याच्या शेडपासून दूर उभे राहावे.

नेहमी होणारी चूक

मॉड्यूल अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत देते. उदा. १८३१.२२५८ म्हणजे १८ अंश ३१.२२५८ मिनिटे. मिनिटांना ६० ने भागून ते अंशात मिळवावे, उत्तर १८.५२०४३ येते. ही संख्या थेट १८.३१२२५८ अशी वाचल्यास शेत नकाशावर सुमारे २३ किलोमीटर दूर दिसते. नोंदीत दशांश चिन्हानंतर किमान पाच अंक ठेवावेत. चारच ठेवल्यास शेवटचा अंक एकाने बदलला तरी जागा ११ मीटरने सरकते.

महत्त्वाचे : बांधाच्या वादात या यंत्राची नोंद पुरावा म्हणून धरू नये. हद्द ठरवण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून अधिकृत मोजणी करून घ्यावी.