अवघड शब्दांची दुकानदारी

1604 साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तराचं एक लहानसं पुस्तक निघालं, ‘अ टेबल अल्फाबेटिकल’. सुमारे अडीच हजार शब्द आणि प्रत्येकासमोर दोन-चार शब्दांत अर्थ. इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला छापील कोश मानतात. मात्र त्यात रोजच्या घरगुती शब्दांना जागा नव्हती. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंचमधून आलेले ‘अवघड’ शब्द तेवढे निवडून घेतले होते. ते कोणासाठी, तेही मुखपृष्ठावरच छापलं होतं: स्त्रिया आणि इतर अनभिज्ञ लोक. शब्द शोधायचा तर आधी अक्षरांचा क्रम पाठ करा, ही सूचनाही आत द्यावी लागली. इंग्रजीच्या भारदस्त शब्दांची हौस ही इंग्रजी राज्याने आपल्या माथी मारलेली खोड आहे, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण या पुस्तकाचं गिऱ्हाईक जन्माने इंग्रज होतं आणि घरात इंग्रजीच बोलत होतं. माझ्या मते या हौसेचा राष्ट्राशी संबंध थोडा आणि अडवलेल्या दाराशी फार. विद्येच्या दाराशी ज्यांना थांबवलं गेलं, त्यांना आतल्या लोकांची बोली विकणं हा धंदा आहे आणि तो चारशे वर्षं चालू आहे.

ते दार लॅटिनचं होतं. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या ग्रामर स्कूलांत शिक्षण म्हणजे लॅटिन, आणि ते मुलग्यांना. हीच शिकलेली मंडळी पुढे इंग्रजीत धर्म, वैद्यक आणि कायदा लिहू लागली आणि जिथे शब्द अडला तिथे लॅटिनमधून उचलू लागली. त्यावर मोठा वाद माजला. विरोधक या शब्दांना दौतीतले शब्द म्हणून हिणवत. केंब्रिजचे पंडित जॉन चीक यांनी तर बायबलचा काही भाग भाषांतरित करताना शंभर शिपायांवरच्या रोमन अधिकाऱ्याला ‘सेंच्युरियन’ न म्हणता ‘हंड्रेडर’ म्हटलं. सावरकरांची भाषाशुद्धी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की सावरकरांचा ‘महापौर’ टिकला आणि ‘हंड्रेडर’ एका पिढीतही रुजला नाही. 1553 मध्ये टॉमस विल्सन यांनी आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेलं एक विडंबनपत्र छापलं. आज ते वाचताना मजा वेगळीच येते. थट्टेसाठी वेचलेल्या त्या शब्दांपैकी ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘मंडेन’ आता कोणालाही खटकत नाहीत. ‘रिव्हॉल्यूटिंग’ आणि ‘इन्जंट’ मात्र मातीला मिळाले. कोणते तरतील हे विल्सनना सांगता आलं नसतं, तसं त्यांच्या विरोधकांनाही. आणि कॉड्रींनी काय केलं? अवघड शब्द शिकवणाऱ्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याच विल्सनचा अवघड शब्दांविरुद्धचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घातला. अशा उसनवारीला तेव्हा फारशी हरकत घेतली जात नसे, पण मला त्यात या धंद्याचा दुटप्पीपणा दिसतो: असले शब्द वापरू नका, पण अर्थ माहीत हवेत, तेव्हा पुस्तक घ्या.

हेन्री कॉकरम यांनी हा संकोचही सोडला. 1623 च्या त्यांच्या ‘इंग्लिश डिक्शनरी’त एक भाग उलटा होता: साधा शब्द काढा आणि त्याच्या जागी घालायचा भपकेदार शब्द घ्या. कॉड्रीचा वाचक निदान समजून घ्यायला येत होता. कॉकरमचा दुसऱ्यांवर छाप पाडायला. पुढे ब्लाउंट (1656) आणि फिलिप्स (1658) या कोशकारांमधलं भांडण चोरीच्या आरोपांपर्यंत गेलं, म्हणजे बाजार तेजीत होता. 1702 मध्ये निघालेल्या एका कोशाने साधे शब्दही घेतले आणि कोश हळूहळू सगळ्या भाषेचा झाला. भपक्याची हौस मात्र राहिली: 1775 मध्ये शेरिडनच्या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप मोठाले शब्द चुकीच्या जागी फेकून लोकांना हसवत होत्या.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ज्या बाईला लॅटिन शिकूच दिलं नाही, तिला प्रवचनातला शब्द कळू लागला, तर त्याला दुकानदारी म्हणून नाक मुरडणं हा शिकलेल्यांचा माज नव्हे का? आहेच. कॉड्रीचं पुस्तक त्या बाईच्या बाजूचं होतं, हे मी मान्य करतो. माझी तक्रार यादीच्या घडणीशी आहे. यादीत शब्द एकटा येतो. तो कोणाच्या तोंडी शोभतो, कोणत्या शब्दाशेजारी बसतो, कुठे हास्यास्पद होतो, हे वाक्यांत आणि वाचनात कळतं. मिसेस मॅलाप्रॉपला शब्द येत होते, त्यांची संगत ठाऊक नव्हती. लॅटिन शिकलेल्या मुलाला ती संगत फुकट मिळाली होती, आणि यादी नेमकी तीच देऊ शकत नाही.

विसाव्या शतकात हे दुकान अमेरिकेत गेलं आणि त्याला विज्ञानाची पाटी लागली. जॉन्सन ओ’कॉनर यांनी नोकरदारांच्या चाचण्या घेतल्या आणि 1934 मध्ये ‘अटलांटिक मंथली’त लिहिलं की वरच्या पदांवरच्या माणसांचा शब्दसंग्रह सर्वांत मोठा असतो. हे निरीक्षण खरं मानलं तरी शब्दांमुळे पद मिळालं, असं त्यातून निघत नाही. ज्या घरात आणि ज्या वाचनात ते शब्द भेटले, त्यांचाही वाटा असू शकतो. जाहिरातीला एवढी बारीक तपासणी परवडत नाही. 1942 मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुईस यांनी तीस दिवसांत शब्दसामर्थ्य वाढवून देणारं पुस्तक काढलं, 1945 पासून ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये फंक यांचं शब्दांचं सदर सुरू झालं आणि 1949 मध्ये लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आलं. हेच पुस्तक पुढे आपल्या स्पर्धापरीक्षांच्या टेबलावर येऊन बसलं. परीक्षाच शब्द विचारते, मग पोरांनी काय करायचं, हा शेवटचा आक्षेप. त्यांनी यादी पाठ करावी, हेच व्यवहाराचं. पण परीक्षा घेणाऱ्यांनाच ते पुरेना. अमेरिकेच्या सॅट परीक्षेतून 1994 मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले, 2005 मध्ये शब्दांच्या जोड्या गेल्या आणि 2016 च्या नव्या आराखड्यात, क्वचितच भेटणाऱ्या शब्दांऐवजी उताऱ्यातल्या संदर्भाने अर्थ विचारायचं ठरलं.