कार्त द व्हिजित

कार्त द व्हिजित हा एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेला व्यक्तिछायाचित्राचा प्रकार होय. या फ्रेंच संज्ञेचा अर्थ ‘व्हिजिटिंग कार्ड’ असा आहे. सुमारे ६ सेंमी रुंद व १० सेंमी उंच पुठ्ठ्यावर कागदी छायाचित्र चिकटवून ते तयार केले जाई.

इतिहास

तत्पूर्वी रंगविलेले व्यक्तिचित्र प्रामुख्याने धनिकांनाच परवडे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. तिच्या प्रती निघत नसत. १८५४ मध्ये पॅरिसमधील छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छबी टिपण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येत असल्याने किंमत उतरली. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये राणी व्हिक्टोरिया व तिच्या कुटुंबीयांची अशी छायाचित्रे विक्रीस आली आणि ती अल्बममध्ये जपण्याची प्रथा रूढ झाली.

महत्त्व

या प्रकारामुळे सामान्य कुटुंबांनाही स्वतःची प्रतिमा जतन करता आली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिक व त्यांचे आप्त परस्परांच्या छबी जवळ बाळगत. न्यू यॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ या स्वतःच्या छायाचित्रांच्या विक्रीतून चरितार्थ व व्याख्यानदौऱ्यांचा खर्च भागवीत. १८६४ मध्ये त्यांनी या छायाचित्रांचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या नव्हे, तर स्वतःच्या नावे नोंदविला. बालपणी जिची मालमत्ता म्हणून विक्री झाली होती, अशा स्त्रीने स्वतःच्या प्रतिमेवर मिळविलेली ही कायदेशीर मालकी होती.

१८७० च्या दशकात मोठ्या आकाराच्या ‘कॅबिनेट कार्ड’ने या प्रकाराची जागा घेतली.