जीवनसत्त्व ‘के’ आणि नवजात अर्भक : खर्डा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्याचे खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. रणांगणावरील रक्तपाताची नोंद इतिहासाने घेतली. परंतु बाळंतिणीच्या खोलीत, कोणतीही जखम नसताना रक्तस्रावाने दगावणाऱ्या अर्भकांची नोंद क्वचितच झाली. या रक्तस्रावाचे एक प्रमुख कारण जीवनसत्त्व ‘के’ची कमतरता हे होय. या जीवनसत्त्वाचा शोध व त्याचा अर्भकापर्यंतचा प्रवास यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधाचा इतिहास :
बोस्टन येथील चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये नवजात अर्भकांच्या रक्तस्रावी विकाराचे वर्णन केले. कारण मात्र अज्ञात राहिले. १९२९ मध्ये कोपनहेगन येथे हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशविरहित खाद्य देऊन प्रयोग करीत असता पिलांच्या त्वचेखाली रक्तस्राव होत असल्याचे त्यांना आढळले. १९३५ मध्ये त्यांनी रक्त गोठण्याच्या क्रियेसाठी असलेल्या ‘कोआगुलेशन’ या शब्दाच्या आद्याक्षरावरून या घटकास ‘के’ हे नाव दिले. १९३९ मध्ये तो लसूणघासातून शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आला. आपल्याकडील शेतकरी दुभत्या जनावरांना घालतात, तोच हा घास. डाम आणि रासायनिक स्वरूप उलगडणारे एडवर्ड डॉयझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शरीरातील कार्य :
रक्त गोठविणारे क्रमांक २, ७, ९ व १० हे घटक यकृतात तयार होतात. जीवनसत्त्व ‘के’मुळे त्यांना कॅल्शियमशी जोडले जाण्याची क्षमता येते, ही प्रक्रिया १९७४ मध्ये स्पष्ट झाली. प्रौढांना ते मेथी, पालक, शेपू यांसारख्या पालेभाज्यांतून मिळते. अर्भकास मात्र वारेतून ते अत्यल्प मिळते आणि आईच्या दुधातही त्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. स्तनपान सर्वोत्तमच आहे. तथापि त्यास या एका इंजेक्शनची जोड आवश्यक ठरते.

खर्डा परिसर आणि आरोग्यसेवा :
अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्ये प्रत्येक नवजात अर्भकास हे जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली. त्या काळी आपल्या ग्रामीण भागात बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत असत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गरोदर मातेची काळजी व सुरक्षित बाळंतपण ही कामे त्यांच्यावर सोपविण्यात आली. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. जन्माच्या वेळी प्रशिक्षित हात जवळ असणे, ही जी पूर्वअट या प्रकल्पाने ओळखली, तीच जीवनसत्त्व ‘के’ अर्भकापर्यंत पोहोचण्याचीही पूर्वअट आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये आरोग्यसंस्थांत जन्मणाऱ्या प्रत्येक अर्भकास हे इंजेक्शन देण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार मात्रा १ मिलिग्रॅम, तर १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या अर्भकास ०.५ मिलिग्रॅम आहे.

समारोप :
शुद्ध जीवनसत्त्व हाती आल्यापासून या सूचनांपर्यंत ७५ वर्षे लोटली. औषध स्वस्त व मात्रा अल्प असूनही वाड्यावस्त्यांवर घरी जन्मणारे मूल या सूचनांच्या कक्षेबाहेरच राहते. विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाच्या तारखेबरोबरच तो शोध शेवटच्या घरापर्यंत केव्हा पोहोचला, हेही नोंदविले जाणे अगत्याचे आहे.