तोहफा कुणाचा, कुणासाठी?

कवितेच्या नादाला लागलेल्या माणसाला शब्द सोलून पाहायची खोड असते. लहानपणी मदरशात आम्ही अरबी अक्षरं घोकली. वाचता येऊ लागलं, अर्थ मात्र फारसा कळत नव्हता. पुढे कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालो आणि अरबी मागे पडली. तरी एखादा अरबी शब्द भेटला की त्याच्यात ओळखीचा चेहरा दिसतो का, ते मी अजून शोधतो.

म्युझियमला आपण वस्तुसंग्रहालय म्हणतो. म्हणजे वस्तू गोळा करून ठेवण्याची जागा. अरबीत त्याला ‘मतहफ’ म्हणतात. हा शब्द ‘तुहफा’वरून आला. तुहफा म्हणजे दुर्मीळ, देखणी वस्तू, नजराणा. आपल्याकडे तो हिंदीतून ‘तोहफा’ होऊन आला. जितेंद्रचा सिनेमा आठवत असेल! तेव्हा मतहफ म्हणजे तोहफ्यांचं घर. पण तोहफा म्हटला की देणारा आला, घेणारा आला. अरब देशांतल्या म्युझियमांचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पडत राहतो, की इथे देतंय कोण आणि घेतंय कोण?

सुरुवात कैरोपासून करू. १८३५ साली इजिप्तमध्ये महंमद अलीच्या सरकारने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा हुकूम काढला. सापडलेल्या वस्तू कैरोत जमा करायच्या ठरल्या. यामागे रिफाआ अल-तहतावी या विद्वानाचा मोठा वाटा होता. पॅरिसमध्ये राहून आलेल्या या गृहस्थाला आपल्या देशातून काय चाललंय, ते दिसत होतं. संग्रह सुरू झाला खरा, पण १८५५ साली ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन कैरोला आला, त्याला तो संग्रह आवडला आणि इजिप्तच्या सत्ताधीशाने होता तेवढा सगळा त्याला देऊन टाकला. मतहफच तोहफा म्हणून गेलं! त्या वस्तू आज व्हिएन्नात आहेत.

नंतर आला ऑग्युस्त मारिएत हा फ्रेंच माणूस. १८५८ साली तो पुराणवस्तू खात्याचा प्रमुख झाला आणि १८६३ साली त्याने नाईलकाठी बुलाक इथे म्युझियम उघडलं. मारिएत हट्टी होता. पॅरिसच्या १८६७च्या प्रदर्शनात इजिप्तचे प्राचीन दागिने मांडले होते. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिने ते मागितले. इजिप्तचा खेदिव इस्माईल याने मारिएतकडे बोट दाखवलं आणि मारिएतने स्वतःच्या सम्राज्ञीला नकार दिला. दागिने कैरोला परत आले. एका परक्याने इजिप्तचा ठेवा इजिप्तसाठी राखला, हे मान्य करायलाच हवं.

पण इजिप्तसाठी म्हणजे इजिप्शियन माणसांसाठी नव्हे. या खात्याचं प्रमुखपद १९५२च्या क्रांतीपर्यंत फ्रेंचांकडेच राहिलं. १९०२ साली तहरीर चौकाजवळ गुलाबी रंगाची ती प्रसिद्ध इमारत उभी राहिली, तिचा वास्तुरचनाकारही फ्रेंच. दर्शनी भिंतीवर लेख कोरला तो लॅटिनमध्ये. कैरोच्या बाजारातला अरबी वाचणारा माणूस सोडा, तिथल्या साहेबांपैकी तरी किती जणांना तो वाचता येत असेल? लोक मात्र आपल्या बोलीत तिला ‘अंतीकखाना’ म्हणत. आपला दवाखाना, कारखाना, तसाच हा अंतीकखाना.

अहमद कमाल या माणसाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. चित्रलिपी शिकलेला, म्युझियमात काम केलेला हा पहिल्या पिढीतला इजिप्शियन विद्वान. प्राचीन इजिप्शियन भाषेचा प्रचंड कोश त्याने रचला, तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. इजिप्शियन तरुणांना या विद्येचं शिक्षण द्या, असा आग्रह त्याने १९२३च्या सुमारास धरला, तेव्हा फ्रेंच प्रमुख म्हणाला की, तुमच्या लोकांना यात रसच दिसत नाही. त्यावर कमालने विचारलं, पासष्ट वर्षं खातं तुमच्या हातात आहे, आम्हाला संधी किती दिलीत? त्याच वर्षी कमाल वारला.

त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९२२मध्ये, तुतानखामुनची कबर सापडली होती. इजिप्त नुकता, निदान कागदोपत्री, स्वतंत्र झाला होता. खोदणाऱ्यांना वाटा देण्याची जुनी रीत या वेळी मोडली. सगळा खजिना कैरोतच राहिला. अहमद शौकीसारख्या थोर कवीने तुतानखामुनवर कविता लिहिल्या. पेटीतला राजा लोकांचा झाला तो या दिवसांत.

आणि इमारत लोकांची झाली त्यासाठी २०११ उजाडावं लागलं. २८ जानेवारीच्या रात्री तहरीर चौक पेटलेला, पोलीस गायब. चोर म्युझियमात घुसले, काचा फोडल्या, सुमारे पन्नास वस्तू गहाळ झाल्या. तेव्हा चौकातल्या साध्या माणसांनी हातात हात गुंफून इमारतीभोवती साखळी केली. लॅटिन न येणाऱ्या माणसांनी! इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण त्याच मार्च महिन्यात लष्कराने याच म्युझियमच्या आवारात निदर्शकांना डांबून मारहाण केली, हेही सांगितलं पाहिजे. आता तुतानखामुनचा खजिना पिरॅमिडांजवळच्या भव्य नव्या म्युझियममध्ये आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचं थाटात उद्घाटन झालं.

बगदादची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना त्रास होतो. एप्रिल २००३मध्ये अमेरिकी फौजा शहरात शिरल्यावर इराकचं म्युझियम लुटलं गेलं. सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. त्यात वारका इथला पाच हजार वर्षांपूर्वीचा दगडी कलश होता. त्याच्यावर माणसांची रांग कोरली आहे. टोपल्या, घडे घेऊन ती इनाना देवीला नजराणा द्यायला निघाली आहेत. जून महिन्यात तीन माणसं गाडी घेऊन आली. डिकीत चादरीत गुंडाळलेला तो कलश होता, तुकडे झालेला. त्यांनी तो दिला आणि निघून गेली. ती चोर होती की राखणदार, कुणास ठाऊक.

आता आखाती देश. दोन वर्षांपूर्वी मी दोह्याला भाच्याकडे गेलो होतो. तो मूळचा दापोलीकडचा, तिथे एसी दुरुस्तीचं काम करतो. एका सकाळी तो कामावर गेल्यावर मी एकटाच ‘बिन जलमूद’ नावाच्या घरात गेलो. हे एका गुलामांच्या व्यापाऱ्याचं घर. २०१५पासून तिथे गुलामगिरीचं म्युझियम आहे. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९५२ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या थोडीच आधी. आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केलं, ते श्रीमंत देशाने स्वतःच मांडून दाखवावं, हे मला धाडसाचं वाटलं. आजच्या काळात माणसांना कसं राबवून घेतलं जातं, तेही तिथे आहे. ते वाचताना भाच्याची आणि त्याच्या खोलीतल्या इतर मुलांची आठवण आली. तिथल्या भिंतींवर जे लिहिलंय, ते बाहेरच्या बांधकामांवर किती पोचतं, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

शुक्रवारी नमाज आटोपून आम्ही दोघं राष्ट्रीय म्युझियम पाहायला गेलो. वाळवंटात सापडणाऱ्या स्फटिकांच्या फुलासारखी ही इमारत २०१९ साली उघडली. फ्रेंच वास्तुरचनाकार इथेही आहेच, ज्याँ नूवेल. भाचा म्हणाला, ‘‘मामू, बारा वर्षं झाली मला इथे. बाहेरून रोज बघतो. आत पहिल्यांदाच आलो.’’

आत एके ठिकाणी मोत्यांचा गालिचा आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो १८६५च्या सुमारास करवला होता, तो मदिन्याला पैगंबरांच्या कबरीसाठी नजराणा म्हणून, असं सांगतात. सुमारे पंधरा लाख मोती, बहुतेक याच आखाती समुद्रातले. मोती इथून हिंदुस्थानात गेले आणि गालिचा होऊन परत आले. पण १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो परदेशी गेला, २००९ साली दोह्यात लिलावात विकला गेला.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ काचेशी उभा होता.

‘‘म्हणजे मदिन्याला पोचलाच नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘इथवर आलाय की. इथून जवळ आहे.’’

मग त्याने फोटो काढून आईला, म्हणजे माझ्या आपाला, दापोलीला पाठवला. सगळी हकिकतही कळवली. पाच मिनिटांत तिचा निरोप आला: एवढे मोती! गुडघ्याला टोचतील ना रे.