'सीक्वेल'ची कुळकथा

विदागाराला प्रश्न विचारण्याची जी भाषा आज बँकांपासून इस्पितळांपर्यंत सर्वत्र रूढ आहे, तिचे नाव लिहिताना एसक्यूएल अशी तीन अक्षरे येत असली, तरी जुन्या जाणत्यांच्या तोंडी ते 'सीक्वेल' असेच येते. आणि या उच्चारात तिचे टाकून द्यावे लागलेले मूळ नाव शिल्लक राहिले आहे.

ही भाषा कोणत्या अडचणीतून जन्मली, हे आपल्या तलाठी दप्तरावरून चांगले उमगते. सातबारा भूमापन क्रमांकाच्या अनुक्रमाने लागतो; म्हणून एखाद्या खातेदाराची गावात एकूण जमीन किती, हे सांगण्यासाठी आठ-अ हा निराळा नमुना ठेवावा लागतो. माहिती तीच, परंतु दप्तर ज्या क्रमाने लावलेले असेल, त्या क्रमाने येणारा प्रश्नच त्यातून चटकन सुटतो. १९६०च्या दशकातील संगणकी दप्तरांचेही असेच होते. अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची 'आयएमएस' ही प्रणाली उभी राहिली, तिच्यात नोंदी वंशवृक्षाप्रमाणे एकीखाली एक लावलेल्या असत. आणि फांद्यांच्या उलट दिशेने काही विचारायचे झाले, की आज्ञावली लिहिणाऱ्यालाच फांदीफांदीवरून वाट काढावी लागे.

एडगर कॉड हे १९२३ साली इंग्लंडात जन्मलेले, ऑक्सफर्डला गणित शिकलेले आणि महायुद्धात वैमानिक म्हणून लढलेले गृहस्थ आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत काम करीत होते. जून १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने हा सारा प्रकार मुळापासून उलटवला. सर्व माहिती रकान्यांच्या साध्या तक्त्यांत ठेवावी, एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध केवळ समान मूल्यांनी जुळावा, आणि नोंदी आत कोणत्या क्रमाने साठवल्या आहेत याची चौकशी करण्याची पाळी विचारणाऱ्यावर कधीही येऊ नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. माझ्या मते या शास्त्रातील सर्वांत मोठे मुक्तिपत्र हेच.

मात्र कॉड यांची लेखनपद्धती गणिती चिन्हांची होती, आणि कचेरीतल्या माणसाला ती पेलणारी नव्हती. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुण संशोधकांनी प्रथम 'स्क्वेअर' नावाची भाषा रचली. पण तिच्यात अक्षरांच्या पायाशी लिहायची चिन्हे असल्यामुळे ती कळफलकावर उमटेना. तेव्हा त्यांनी साधे इंग्रजी शब्द घेऊन, कोणते रकाने हवेत, कोणत्या तक्त्यातून आणि कोणत्या अटीवर, एवढेच सांगणारी 'सीक्वेल' १९७४ साली मांडली. पुढे हे नाव एका ब्रिटिश विमान-उद्योगाच्या नाममुद्रेला बाधक ठरल्यामुळे संक्षिप्त करावे लागले. १९७९ साली ओरॅकलने ती बाजारात आणली आणि १९८६ साली तिला अमेरिकी प्रमाण-भाषेचा दर्जा मिळाला.

काय हवे ते माणसाने सांगावे आणि वाट यंत्राने शोधावी, हे या भाषेचे ब्रीद. पण वाट नाहीशी झालेली नाही, ती केवळ आत गेली आहे. कोणत्या वाटेने किती खर्च पडेल याचा अंदाज बांधून स्वस्त वाट निवडण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली वर्णन केली, आणि आजची विदागारे मुख्यतः त्याच रीतीने चालतात. म्हणून विदागाराची व्यवस्था पाहणाऱ्याने 'एक्सप्लेन' ही आज्ञा देऊन यंत्राने निवडलेली वाट वाचण्याची सवय प्रथम लावून घ्यावी. एका लहानशा उत्तरासाठी लाखो ओळी वाचल्या जात आहेत असे दिसले, तर अटीतल्या रकान्यावर सूची बांधल्याने काम हलके होते का, ते तपासावे. सूची म्हणजे यंत्राने आपल्यासाठी आपोआप सांभाळलेला आठ-अच होय. तसेच नोंदी खोडण्यापूर्वी तीच अट 'सिलेक्ट'ला लावून कोणत्या ओळी हाती येतात ते डोळ्यांनी पाहावे, कारण 'व्हेअर' लिहायचे राहिलेला 'डिलीट' सबंध तक्ता रिकामा करतो.

बॉइस यांना या भाषेचा विस्तार पाहता आला नाही. ती मांडली त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, ते मरण पावले. एकच गोष्ट दोन ठिकाणी नोंदली जाऊन त्यांत विसंगती येऊ नये, यासाठी तक्ता कसा असावा याची जी कसोटी विद्यार्थी आज शिकतात, तिला 'बॉइस–कॉड प्रसामान्य रूप' असे म्हणतात.