लोंढ्याच्या फाट्यावरचे दोन पराभव

लोंढा हे खानापूर तालुक्यातील रेल्वेचे जंक्शन. मिरजेहून बेळगावमार्गे येणारा लोहमार्ग येथून हुबळीकडे जातो आणि एक फाटा कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावला पोहोचतो. मराठीच्या नावाने उभ्या राहिलेल्या दोन चळवळी या फाट्याच्या दोन बाजूंना, एकाच वर्षी पराभूत झाल्या. त्या नंतर कशा वागल्या, याची तुलना आपण सीमावासीय सहसा करीत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ज्या मागणीसाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जन्मला, तीच मागणी मतदारांनी फेटाळली. तरीही काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत हाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा मतदाराच्या घरापर्यंत पोहोचल्या होत्या. नकाशा हरला, पण पक्षाचे घरोघरीचे काम शिल्लक होते. पुढे तोही पक्ष ओसरला, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला कोकणीनंतरचे स्थान मिळाले. पण ती पडझड वेगळ्या कारणांची आहे.

त्याच १९६७ च्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेल्या या आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. निपाणी, खानापूर, नंदगड मात्र महाराष्ट्रास द्यावेत असे सुचविले. महाराष्ट्राने तो नाकारला. बेळगाव सोडून उरलेले घेणे म्हणजे सोबत्यास वाटेत टाकणे, ही भावना आम्हांस समजते आणि मान्यही आहे. परंतु नकारानंतरच्या काळासाठी खानापुरास काय योजना होती? तिथपासून चळवळ तारखांवर जगू लागली, असे आमचे मत आहे : १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरचा काळा दिन, आणि १९८६ नंतर १ जूनचे हिंडलग्याचे अभिवादन. हे दिवस पाळलेच पाहिजेत. अडचण उरलेल्या दिवसांची आहे.

१९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. निषेधाची ही कल्पकता देशाने पाहिली. संसदेने त्याच वर्षी अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० केली आणि ती वाट बंद झाली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा आता निकाल तिथेच लागेल या समजुतीने गावपातळीवरची उरलीसुरली बांधणीही सैल पडली. २००८ ला विधानसभेत समितीचा एकही आमदार नव्हता. २०१३ ला दोन आले. २०१८ ला दोन गटांनी खानापुरात आपापला उमेदवार दिला, जागा काँग्रेसकडे गेली. २०२३ ला ती भाजपकडे गेली.

प्रत्येक निकालानंतर आपल्या शब्दकोशातून तेच दोन शब्द बाहेर येतात : ‘गद्दार’ आणि ‘एकी’. पहिला शब्द शेजाऱ्यासाठी, दुसरा व्यासपीठासाठी. राष्ट्रीय पक्षाला मत देणारा मराठी शेतकरी सातबाऱ्याचा उतारा मराठीत मिळत नाही म्हणून रडकुंडीस येतो. त्याच्यासोबत तालुका कचेरीत गेलेल्यास कोणता शब्द आहे, ते आम्हांस आठवत नाही. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे त्यांच्या भाषेत सरकारी परिपत्रके द्यावीत, हे संरक्षण कागदावर केव्हाचे आहे. त्यासाठी सीमा हलावी लागत नाही.

एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारास सुमारे १ लाख १७ हजार मते पडली. आमचा खानापूर तालुका लोकसभेस उत्तर कन्नडमध्ये मोडतो, म्हणून त्यांत आमचे मत नव्हते. आनंद मात्र होता. अवघ्या पाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. मधल्या पाच महिन्यांत त्या मतदारांच्या दारी कोण गेले होते, याचा हिशेब कोणत्या बैठकीत मांडला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.